जी थोडी चढते

वाईट वाटण्यासारखं काहीही झालेलं नाही, हे आधीच लिहून ठेवते. पुढे रडगाणं सुरू झालंच तर उद्या वाचताना निदान ही ओळ वर असेल.

दादा येऊन गेला. मी किट आणून जोडलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवली, मनापासून वाजवली, आणि स्टँडवर ठेवता ठेवता म्हणाला, "जी थोडी चढते गं." जी म्हणजे तिसरी तार, तिचा सूर हवा त्यापेक्षा वर जातो. एवढंच. मग उशीर होतोय म्हणून निघालाही.

मला काय हवं होतं मग? कौतुक नको होतं, शपथ. त्यानं ती एकदा उलटी करून मागून बघावी, असं मात्र वाटत होतं. नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीला चार स्क्रूंनी बसते तिथे. किट उघडून सगळं कोरडंच जोडून पाहिलं तेव्हा नेक किंचित तिरकी बसत होती. एका कडेची तार फ्रेटबोर्डावरून, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवरून, घसरायला आलेली आणि दुसऱ्या कडेला रिकामी जागा. मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत दोरा ताणायचा, बघायचं, बॉडीतल्या नेकच्या खाचेची एक भिंत पॉलिशपेपरनं किंचित घासायची, पुन्हा नेक बसवायची, पुन्हा दोरा. आता दोन्ही कडांना सारखं अंतर आहे आणि सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. सांधा इतका नीट बसला की कोणाचं लक्षच जात नाही. वाकडाच ठेवायला हवा होता, निदान "हे काय?" असं तरी कोणी विचारलं असतं.

बॉडी बासवुडची. हलकं, मऊ लाकूड, नख रुतलं तरी खूण राहते. ओल्या फडक्यानं पुसलं की त्याचे रेषे उभे राहतात, आणि वाळल्यावर हात फिरवला तर खरखर लागते. मग 320 च्या पेपरनं ते रेषे कापायचे, परत पुसायचं, परत वाळू द्यायचं. रेषे उठायचे थांबले की सीलर, मग रंग, मग लॅकरचे पातळ हात, आणि प्रत्येक हातानंतर नुसतं थांबायचं. कामातला निम्मा वेळ हा असा, लांबून बघत आणि बोट न लावता. दादाला हे जमलं नसतं. (हे लिहून बरं वाटलं.)

किट म्हणजे सगळं तयारच असतं, हे मलाही कळतं. बॉडी कापलेली, फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकलेले, बरीचशी भोकं पाडलेली. ऑफिसमध्ये कोणीतरी म्हणालंच, म्हणजे नुसती जोडायची ना. हो, नुसती जोडायची. पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर अर्थिंगची तार सोल्डर करून बघावी एकदा. पॉटची पाठ म्हणजे सपाट पत्रा, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. सोल्डरिंगची इस्त्री पुरेशी तापलेली नसेल तर सोल्डर नुसता गोळा होऊन वर बसतो, वरवर चिकटलेला दिसतो आणि तार हलवली की सुटतो. पत्रा तापला की तोच सोल्डर अचानक पाण्यासारखा पसरतो. मात्र तिथे फार रेंगाळलं तर आतला कार्बनचा पट्टा खराब व्हायची भीती. तेवढ्या क्षणासाठी श्वास कधी धरला हे मला कळत नव्हतं, सोडताना कळायचं.

आणि तारा चढवण्याआधीचा तो प्रकार. जॅकमध्ये केबल, ॲम्प अगदी हळू, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पिकअपवर, म्हणजे तारांचं थरथरणं टिपणाऱ्या भागावर, टिचकी. टक्. स्विच फिरवला, दुसऱ्या पिकअपवर टिचकी. टक्. आत चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेढे घेऊन बसलेली, आणि माझ्या वायरिंगमधून तिचा आवाज बाहेर आला. घरात कोणी नव्हतं. मी एकटीच हसले. आज दादानं जे काही वाजवलं त्यातलं काहीही मला त्या टक्इतकं आवडलं नाही, आणि हे त्याला सांगण्यात अर्थ नाही.

खरं दुखणं बहुतेक इथे आहे. त्यानं पट्टा खांद्यावर घेतला आणि ती गिटार झाली. तोवर ती माझ्याकडे होती तेव्हा काय होती कोण जाणे. मी वाजवते ते तीन-चार कॉर्ड, तेही एकातून दुसऱ्यात जाताना मध्ये एक छोटी सुट्टी घेऊन. त्यानं तार ओढली तर स्वर वर जाऊन थरथरला आणि पुन्हा जागेवर आला. तो आवाज तिच्यात होता हे मला ठाऊक नव्हतं. आतली तारन्‌तार मी लावलेली, तरी नव्हतं ठाऊक. तेव्हा क्लासला आईनं त्यालाच... असो, त्याला आता फार वर्षं झाली.

गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. टेलिकास्टर त्याची, 1954 ची स्ट्रॅटोकास्टर त्याची, नेक स्क्रूंनी बॉडीला जोडायची पद्धत त्यानंच रूढ केली, म्हणून तर आज माझ्यासारखीला खोक्यातून गिटार काढून जोडता येते. तो वाजवणाऱ्यांच्या हातात गिटार द्यायचा आणि ते काय कुरकुर करतात ते ऐकायचा. हे मी गेले काही महिने स्वतःलाच सांगत होते, मोठ्या रुबाबात. त्याच्याही वाट्याला कौतुकापेक्षा तक्रारीच जास्त आल्या असतील, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

क्वीन बँडच्या ब्रायन मेचं उदाहरण कृपा करून कोणी देऊ नये. 1963 मध्ये वडिलांबरोबर गिटार करायला घेतली, नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, सूर थरथरवणाऱ्या ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि मग तीच गिटार जन्मभर वाजवली, तीही तशी. काही माणसांना दोन्ही येतं. त्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही.

तर जी. जेवण झाल्यावर ट्यूनर लावून बसले. मनात म्हटलं, बघूच. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा अशी जुळणी, मी स्वतः लावलं होतं. 648 मिलिमीटरची स्केल, म्हणजे तारेची लांबी, बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, 324 वर. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून ब्रिजवरचं सॅडल, ज्यावर तार टेकते ते, थोडं मागे घ्यायचं. मोकळी जी, काटा मध्ये. बाराव्या फ्रेटवर जी, काटा मध्ये. बघ म्हटलं, दादासाहेब! मग पहिल्या फ्रेटवर दाबली. काटा सरळ उजवीकडे.

पहिला फ्रेट नटपासून जेमतेम 36 मिलिमीटरवर. नटची खाच उंच असली तर एवढ्याशा अंतरात तार खाली दाबावी लागते, ताण वाढतो आणि सूर चढतो. बाराव्या फ्रेटवर त्याचा पत्ताही लागत नाही. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली. तिथे पातळ कागद जेमतेम सरकावा, तर दुमडलेला कागदही आरामात गेला. किटमधल्या नटच्या खाचा बहुधा अशा उंचच ठेवलेल्या असतात, ज्याचं त्यानं घासून घ्यावं म्हणून.

ई मेजर कॉर्ड धरला की जीवर नेमका पहिलाच फ्रेट दाबला जातो, आणि तो स्वर म्हणजे त्या कॉर्डचा गंधार. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की गंधार मुळातच शुद्ध गंधारापेक्षा साधारण 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका, चढा असतो. पेटीच्या गंधारावर गाणारे नाक मुरडतात ते यासाठीच. त्यात माझ्या नटची भर. एवढं सगळं ऐकून त्यानं "थोडी" म्हटलं, म्हणजे जपूनच बोलला.

मला बघ म्हणायचं होतं सांध्याकडे, लॅकरकडे. त्यानं ऐकलं. तो ऐकणाराच आहे, बघणारा नाही. लहानपणापासून त्याला माझा नवा ड्रेस कधी दिसला नाही, पण दारातून आत येताना सर्दी झालीय हे आवाजावरून ओळखायचा.

आणि तारा तर मी 10 च्या, थोड्या जाड, लावल्यात. माझ्या बोटांना 9 च्या बऱ्या पडतात. 10 च्या कोणाला लागतात ते मला चांगलं माहीत आहे. त्यावर आज लिहीत नाही.

जी सैल करून बाजूला घेतली आहे. बारीक कानस नटवर ठेवून दोन-तीनदाच फिरवायची, मागच्या बाजूला किंचित उतार देऊन, मग तार चढवून कागद घालून बघायचं. घाई केली आणि खाच खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासून झणझणेल, आणि मग नवा नटच. उद्या दिवसाउजेडी करीन.

जाता जाता बाकीच्या तारांखालीही कागद घालून पाहिला. बीची तारसुद्धा उंच आहे, सी कॉर्ड धरला की चढत असणार. ती त्याला कळली नाही.