विंचवाचं विष आणि आपलंच अॅड्रेनलिन

अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत नर्व्हस सिस्टीमचा एक धडा असतो, हार्मोन्सचा दुसरा, आणि डोळे-कान-त्वचा वगैरे मंडळी त्यातच कुठेतरी बसवलेली असतात. मुलं या तीन वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करतात, मार्कही पडतात, आणि मग कधीतरी एखादी मुलगी क्लास सुटल्यावर थांबून विचारते की मॅडम, पण हे सगळं एकत्र कसं चालतं? या प्रश्नाला मी दरवर्षी एकच उदाहरण देते, आमच्या कोकणातला लाल विंचू. एक डंख, आणि तिथून नसा, वेदना, घाम, हृदय, अॅड्रिनल ग्रंथी, इन्सुलिन, सगळे धडे एका रात्रीत एकमेकांत मिसळतात. शिवाय या विंचवावरचा उपाय जगाला महाडने दिलाय, आणि ते आपल्याच मुलांना माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

माझं माहेर पोलादपूरकडचं. जांभ्याचे गडगे, कौलं, पडवीत रचून ठेवलेली लाकडं, पेंढा, म्हणजे विंचवाला लपायला जागाच जागा. चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, अंथरूण झटकल्याशिवाय पडायचं नाही, हे आम्हाला बोलायला शिकायच्या आधीपासून माहीत. काळा मोठा विंचू दिसायला जास्त भयंकर वाटतो पण जिवावर बेततं ते बहुतेक वेळा या छोट्या, लालसर-तपकिरी विंचवामुळे. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस, जुन्या लेखांत मेसोब्युथस टॅम्युलस सापडेल.

आता विष नेमकं करतं काय? आपल्या नसेची पेशी शांत असताना आतून बाहेरच्यापेक्षा निगेटिव्ह असते, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. निरोप जायचा असला की पेशीच्या पडद्यातले सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियमला आत सोडणारी बारीक दारं, उघडतात, सोडियम आत घुसतं, आतली बाजू पॉझिटिव्ह होते, आणि साधारण एका मिलिसेकंदात ते चॅनेल स्वतःहून बंद होतात. मग पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पुन्हा जागेवर येते. हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी समुद्री स्क्विडच्या जाड नसेवर प्रयोग करून १९५२ साली हे गणितासकट मांडलं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हा आपोआप बंद होण्याचा आहे, कारण उघडणं सगळ्यांच्या लक्षात राहतं पण निरोप संपला हे कळणंही तितकंच गरजेचं असतं ना. विंचवाचं विष नेमकं तिथेच बोट ठेवतं. त्यातली काही प्रथिनं सोडियम चॅनेलला जाऊन चिकटतात आणि त्याला वेळेवर बंद होऊ देत नाहीत. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं आणि बेल वाजतच राहावी तसं. आणि त्याच विषातली दुसरी काही प्रथिनं पोटॅशियमचे चॅनेल अडवतात, म्हणजे पेशीला शांत व्हायचा दुसरा रस्ताही बंद. (यातलंच आयबेरिओटॉक्सिन नावाचं एक प्रथिन आज जगभरच्या लॅबमध्ये पोटॅशियम चॅनेलच्या अभ्यासाला वापरतात, आणि ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते आपल्याच या लाल विंचवाच्या विषातून.)

पहिली कळते ती अर्थातच वेदना. त्वचेत वेदनेच्या दोन जातीच्या नसा असतात. एक पातळ आवरण असलेली, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेणारी, तिच्यामुळे ती पहिली सुईसारखी कळ येते आणि आपण हात मागे घेतो. दुसरी बिनआवरणाची, सेकंदाला एक-दोन मीटरपेक्षा जास्त जात नाही, तिच्यामुळे मागून येतो तो जळजळीत ठणका जो पार खांद्यापर्यंत किंवा जांघेपर्यंत चढतो. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली तरी हे दोन टप्पे वेगळे जाणवतात, पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा.

आणि इथेच ती गोष्ट येते जी मला प्रत्येक कोकणातल्या घरात भिंतीवर लिहून ठेवावीशी वाटते. ठणका हा धोक्याचा निरोप नाहीये. उलट, ज्याला प्रचंड ठणका आहे पण बाकी काही नाही, हातपाय गरम आहेत, उलटी नाही, तो पेशंट बहुतेक वेळा दिवसभरात बरा होतो. आणि ज्याच्या जिवाला धोका असतो त्याला डंखाच्या जागी अनेकदा फारसं दुखतही नसतं. आमच्या चुलत घरात एकाला पेंढा काढताना हाताला डंख झाला, थोड्या वेळाने तो म्हणाला आता दुखत नाही, सगळे म्हणाले विष उतरलं, आणि एक म्हातारी आजी मात्र त्याच्या तळहाताला हात लावून ओरडली की अरे हा गार पडलाय, घाम बघा किती सुटलाय, गाडी काढा. तिने काही फिजिऑलॉजी वाचलेली नव्हती पण तिने बरोबर तेच बघितलं जे बघायला हवं होतं. तो वाचला.

गार हात आणि घाम, हे दोन एकत्र का? तर विष रक्तात पसरलं की ते आपल्या ऑटोनॉमिक नसांवर काम करतं, म्हणजे ज्या नसा आपल्याला न विचारता हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या सांभाळतात त्या. यांचे दोन गट, सिम्पथेटिक आणि पॅरासिम्पथेटिक, आणि एरवी एक वर तर दुसरा खाली असं चालतं. विंचवाच्या विषाने दोन्ही एकदम पेटतात. सुरुवातीला अॅसिटिलकोलिनवाल्या नसांचा (अॅसिटिलकोलिन म्हणजे नसेच्या टोकातून सुटणारं, निरोप पोचवणारं एक रसायन) जोर दिसतो, उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, कधी नाडी मंद, आणि पुरुषांमध्ये, लहान मुलग्यांमध्येसुद्धा, लिंग ताठ होणं. हे शेवटचं सांगायला घरचे लाजतात आणि डॉक्टरला ते कळत नाही, तर कृपा करून लाजू नका, ते निदानाचं महत्त्वाचं लक्षण आहे. घामाची गंमत अशी की घामग्रंथींना सिम्पथेटिक नसच जाते पण ती तिथे बहुतेक सिम्पथेटिक नसांसारखं नॉरअॅड्रेनलिन (अॅड्रेनलिनचंच भावंड) न सोडता अॅसिटिलकोलिन सोडते. परीक्षेत हा अपवाद एका मार्काला येतो, इथे तो पेशंटच्या कपाळावर दिसतो.

मग येतो दुसरा टप्पा, आणि तोच मारतो. किडनीच्या डोक्यावर अॅड्रिनल ग्रंथी असतात, एकेक जेमतेम चार-पाच ग्रॅमची. त्यांचा आतला भाग, मेड्युला, हा गर्भात नसांच्याच पेशींपासून बनतो. म्हणजे ज्या मूळ पेशींपासून सिम्पथेटिक नसांचे गुच्छ होतात त्याच पेशी इथे येऊन ग्रंथी होतात, त्यांना लांब तार फुटतच नाही, आणि मणक्यातून आलेली नस थेट यांच्यावर येऊन संपते. नस अॅसिटिलकोलिन सोडते, ह्या पेशी अॅड्रेनलिन आणि थोडं नॉरअॅड्रेनलिन सरळ रक्तात ओततात. नस कुठे संपली आणि हार्मोन कुठे सुरू झालं ते दाखवा म्हटलं तर बोट ठेवता येणार नाही. मला वाटतं पुस्तकातले ते दोन धडे वेगळे छापण्याआधी मुलांना ही एक ग्रंथी शिकवावी, मग बाकीचं आपोआप जुळतं.

एरवी अॅड्रेनलिन रक्तात आलं की काही मिनिटांत निम्मं होऊन संपायला लागतं, म्हणून कुत्रा मागे लागला तरी पाच-दहा मिनिटांनी छाती शांत होते. पण इथे नसा थांबतच नाहीत, नसांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनलिन आणि ग्रंथीतून अॅड्रेनलिन येतच राहतं. ते रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरला धरतं (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, असं रसायन येऊन बसायची जागा; अल्फा आणि बीटा या तिच्या दोन जाती), वाहिन्या आवळतात, त्वचेचं रक्त आत ओढलं जातं, म्हणून हातपाय बर्फासारखे गार. ब्लड प्रेशर चढतं. हृदयाच्या डाव्या कप्प्याला त्या आवळलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलायचं असतं, त्याच वेळी बीटा रिसेप्टरमुळे ते वेगाने धडधडत असतं, ऑक्सिजन जास्त लागतो आणि मिळतो कमी. शेवटी ते थकतं, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, फुफ्फुसात पाणी भरतं, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. पूर्वी गावात म्हणायचे विष छातीत चढलं. विष असं चढून छातीत साचत नाही, छातीत जे होतं ते आपल्याच शरीरातल्या रसायनाच्या अतिरेकाने होतं.

साखरेचंही तसंच. अॅड्रेनलिन यकृताला साखर सोडायला लावतं, साखर वाढवणारं ग्लुकॅगॉन हे हार्मोन वाढवतं, आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिनला अल्फा रिसेप्टरमधूनच दाबून ठेवतं, म्हणून कधी डायबेटिस नसलेल्या माणसाचीसुद्धा शुगर चढलेली सापडते. मुंबईच्या संशोधकांनी या इन्सुलिनच्या बाजूवर बराच अभ्यास केला होता आणि इन्सुलिन-ग्लुकोज देऊन बघितलं होतं. पण सगळ्यात साधा, खेड्यात चालणारा रस्ता निघाला तो रायगड जिल्ह्यात.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, नागपूरला एमबीबीएस झाले आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा विंचू चावलेला पेशंट म्हणजे कुणाच्या हातात काही नसायचं, गंभीर झालेल्यांपैकी २५ ते ३० टक्के जायचे. हे डॉक्टर पेशंटशेजारी रात्र-रात्र बसून लिहून ठेवायचे, कधी उलटी झाली, कधी घाम, नाडी किती, प्रेशर किती, फुफ्फुसात आवाज कधी आला. ना मोठी लॅब, ना आयसीयू. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं हार्ट फेल होऊन, फुफ्फुसात पाणी भरून जातायत, आणि १९८२ साली ही निरीक्षणं लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तालुक्याच्या गावातल्या नोंदवहीतून लॅन्सेट! मी हे वर्गात सांगते तेव्हा माझा आवाज दरवेळी चढतो.

कारण कळलं की मग उपाय विचार करून सापडतो. वाहिन्या आवळल्यात तर त्या सैल करा. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं, पण त्याला सलाइनमधून थेंब-थेंब द्यायचं आणि सारखं प्रेशर मोजत बसायचं, खेड्यात कुठे जमणार. मग प्राझोसिन. ब्लड प्रेशरची जुनी, स्वस्त गोळी, अल्फा रिसेप्टरवर जाऊन बसते आणि नॉरअॅड्रेनलिनला जागाच ठेवत नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो, हातपाय गरम व्हायला लागतात, आणि स्वादुपिंडावरचा दाबही कमी होतो. प्राझोसिनवरचं त्यांचं लिखाणही १९८६ मध्ये लॅन्सेटमध्येच आलं, आणि मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. डॉ. प्रमोदिनी बावस्कर, त्यांच्या पत्नी, या कामात बरोबरीने आहेत, अनेक पेपर्सवर दोघांची नावं आहेत, हे लोक सांगायचं विसरतात म्हणून मुद्दाम लिहितेय. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

पुढे २०११ मध्ये महाडमधलाच एक अभ्यास बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. ७० पेशंट, निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेची विंचवावरची प्रतिविषाची लस. दहा तासांनी लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ पूर्ण बरे, फक्त गोळीवाल्या ३५ पैकी ८. बरोबरच आहे, कारण गोळी रिसेप्टर झाकते पण विष तिथेच असतं, आणि लस रक्तातलं मोकळं विषच पकडते. मात्र लस लवकर मिळायला हवी, आणि तोवर गोळी पेशंटला धरून ठेवते.

घाम आणि मंद नाडी बघून अॅट्रोपिन देण्याची पद्धत पूर्वी होती. अॅट्रोपिन पॅरासिम्पथेटिक बाजू बंद करतं, म्हणजे सिम्पथेटिक वादळाला जो थोडाफार लगाम असतो तोही जातो आणि हृदय आणखी धावतं. म्हणून विंचवाच्या पेशंटला ते शक्यतो टाळतात.

घरी काय करायचं, तर डंखाच्या जागी चिरा मारू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. उलटी, घाम, गार हातपाय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट आरोग्य केंद्र गाठा, आणि मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही बघू नका कारण तेवढंच विष छोट्या अंगात पडलेलं असतं. प्राझोसिन मनाने द्यायचं औषध नाही, मात्रा वजनावर ठरते आणि प्रेशर बघून देतात. आणि गोळी दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवायचं. आपण उठून उभे राहिलो की रक्त पायात उतरतं, तेव्हा याच अल्फा रिसेप्टरवरून वाहिन्या आवळून शरीर डोक्याकडचं प्रेशर टिकवतं, आणि गोळीने तेच झाकलेले असतात, त्यामुळे उभं राहिलं की प्रेशर एकदम पडतं. रडणाऱ्या लेकराला आई पटकन उचलून खांद्यावर घेते, तेवढंही त्या काही तासांत करायचं नसतं, त्याच्या शेजारी आडवं होऊन त्याला थोपटायचं.