पेटीतला पेपर

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ समोरच्या समुद्रातून वर सरकत होतं. लाईट जायच्या तासभर आधी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काळं पाणी बंदरात घुसतंय, होड्या आणि गाड्या एकमेकांवर आपटत वाहतायत. खाली लिहिलेलं, 'देवगड बंदर, आत्ता'. सासूबाई ओरडल्या, "गो, बंदरात पाणी शिरलां!" आणि मी, बंदराच्या इतकी जवळ राहून, फोन करून कुणाला विचारायचं सोडून तो व्हिडिओ पुढे ढकलला. वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे आधीच निदान पाच हात फिरून आलेला. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तर मी चिकाटीने तीनदा पाठवला!

शाळा बंद म्हणून पुतण्या मुंबईहून इथे येऊन राहिला होता, तेव्हा अकरा वर्षांचा. तो खांद्यावरून बघत म्हणाला, "काकी, ही माणसं जाकीट घालून का पळतायत?"

मे महिन्यात. देवगडात. जाकीट!

तो जपानमधल्या २०११ च्या त्सुनामीचा व्हिडिओ होता. वादळाने आमच्या बागेत आंब्याचा सडा घातला तो खरा, पण ते पाणी आमचं नव्हतं.

पोराचे डोळे चांगले आहेत हे कळलं, पण सवय लागली ती दोन वर्षांनी, आणि ती आंब्याने लावली. मार्चमध्ये दिरांनी ठाण्यात रस्त्यावरून 'देवगड हापूस'ची पेटी घेतली. पुतण्याने व्हिडिओ कॉल करून दाखवली. लेबल छान, वर आमच्या तालुक्याचं नाव. म्हटलं, "आंबे राहू देत, खालचा पेपर दाखव." त्याने पेंढा बाजूला सारला. पेपर कानडी. आता आमच्या बागेत पेट्या भरताना कानडी पेपर कुठून येणार? कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी लेबल छापायला काय लागतं?

तेव्हापासून आमच्या घरात 'खालचा पेपर' हा शब्दच झाला. व्हिडिओ बहुतेक वेळा खरा असतो, वरचं लेबल दुसऱ्याचं असतं. मग मुलं दुकानाच्या पाट्या वाचतात, गाडीच्या नंबरातली पहिली दोन अक्षरं बघतात, एखादी फ्रेम थांबवून, चित्र कुठलं ते शोधणाऱ्या गुगल लेन्सला देतात. हा खेळ त्यांना आवडतो, कारण त्यात मोठी माणसं हमखास तोंडावर पडतात.

लेकीचं मात्र वेगळं. अफवा ती लगेच पकडते, पण कुणा ताईने रीलमध्ये क्रीम लावलं की ही विरघळते. ओरडून उपयोग नव्हता. एका रविवारी तिच्याबरोबर बसून दहा रील्स बघितल्या आणि 'जाहिरात' असं कुठे लिहिलंय ते शोधलं. पैसे घेऊन केलं असेल तर तसं सांगायचं, असे 'ॲस्की' या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे २०२१ पासून नियम आहेत. एकीत ते शब्द सतरा हॅशटॅगांच्या मागे, फिक्या रंगात सापडले. लेक गप्प झाली. क्रीम तरीही आणलंच, ते सोडा.

यंदा पावसात ग्रुपवर बिबट्या आला. रात्री पडवीत शिरतो आणि खाटेवरच्या आजोबांना हुंगून जातो. इथे माझी पेटी हरली. पडवी कोकणातली वाटावी अशीच, पाटी नाही, गाडी नाही. एआयने बनवलेल्या पेटीत पेपरच नसतो. लेक म्हणाली, "आई, शूटिंग कोण करतंय? वाघ दोन हातांवर असताना मोबाईल इतका स्थिर कुणाचा राहील?"

सासूबाई हे ऐकत होत्या. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा स्क्रीन बघितला आणि विचारलं, "मगे हो वाघ खंयचो गो?"

विचारलं खरं, पण तोवर माहेरच्या ग्रुपवर त्यांनी तो पाठवून झाला होता.