जुन्या मिररचे मालक शोधताना

जुनी डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, हातात आली की लोक आधी सँडपेपर घेऊन बसतात. सगळा रंग खरवडून काढायचा, आतलं लाकूड उघडं करायचं, त्यावर चकचकीत वॉर्निश मारायचं आणि मग 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो टाकायचे. मला ते फोटो बघून खरंच वाईट वाटतं, कारण खरवडलं त्यातच त्या होडीचा सगळा इतिहास होता आणि तो गेला तो गेलाच.

इंग्लंडात राहायला आल्यापासून मला या छोट्या शिडाच्या होड्यांचं वेड लागलंय, त्यातही सगळ्यात जास्त मिररचं. मिरर म्हणजे जेमतेम 10 फूट 10 इंचाची, पुढून चपट्या नाकाची, लाल शिडांची होडी, दोन माणसं नीट बसतात आणि मुलं असतील तर तीन. 1963 साली डेली मिरर पेपरने ही आणली, शिडं लाल ती त्या पेपरच्या नावाचा रंग लाल म्हणून. टीव्हीवर लोकांना घरातली सुतारकामं शिकवणारे बॅरी बकनेल आणि डिंग्या डिझाइन करण्यात तेव्हा ज्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं ते जॅक होल्ट, या दोघांनी मिळून ती बनवली. कल्पना अशी की होडी तयार विकत घ्यायचीच नाही, 63 पौंड 11 शिलिंगला एक किट घ्यायचं, त्यात प्लायवूडचे कापलेले तुकडे, ते एकमेकांना तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवायचे आणि सांध्यावर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावून जोड पक्का करायचा, झाली होडी. डोलकाठीसुद्धा दोन तुकड्यांत, म्हणजे सगळं सामान होडीच्या आतच मावतं आणि गाडीच्या टपावर टाकून नेता येतं. ज्यांच्या घरात याआधी कधी कोणी शिडाच्या होडीत बसलं नव्हतं अशा लोकांनी गॅरेजमध्ये, शाळेच्या वर्कशॉपमध्ये या बांधल्या, आत्तापर्यंत 70 हजारांच्या वर झाल्यात.

आता गंमत बघा, गाडीचं कसं आरसी बुक असतं, आधीचा मालक कोण ते त्यावरून कळतं, तसं या होड्यांचं काहीच नसतं. एवढ्या छोट्या होडीची सरकारदरबारी नोंद करायची सक्तीच नाही. कागद असतो तो एकच, मेजरमेंट सर्टिफिकेट, होडी नियमात बसते की नाही ते मोजून क्लास असोसिएशन, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांची संघटना, देते आणि मालक बदलला की ते नव्या मालकाच्या नावाने करून घ्यावं लागतं. म्हणजे शर्यतीत उतरलेली होडी असेल तर मालकांची साखळी निदान काही वर्षं तरी सापडते. पण ज्या होड्या फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन तळ्यावर गेल्या त्यांचं कधी कोणी मोजमापच केलं नाही, आणि मिररमध्ये अशाच जास्त.

शिडावरचा होडीचा नंबर बघून लोक खूश होतात पण त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. शिडं फाटतात, मग कोणीतरी दुसऱ्या मोडीत निघालेल्या होडीची शिडं स्वस्तात घेतं आणि नंबर तसाच राहतो. माझ्याच होडीच्या शिडावर एक नंबर आणि लाकडात कोरलेला दुसराच, तोही रंगाच्या थरांखाली दबलेला, टॉर्च अगदी आडवा धरला तेव्हा त्याच्या सावल्या दिसल्या. शोध घ्यायचा तर लाकडातल्या नंबरचाच घ्यायचा.

दुसरा मोठा ठेवा म्हणजे मागच्या फळीवरचे स्टिकर. इथल्या क्लबांत होडी आवारात ठेवायची तर दर वर्षीचा एक स्टिकर मिळतो, आणि आळशी माणसं (देव त्यांचं भलं करो) जुना न काढता त्यावरच नवा चिकटवतात. मी हेअर ड्रायरने गरम करत एकेक थर हळूहळू सोडवला, प्रत्येकाचा फोटो काढला, तर खाली 80 च्या दशकातला एक तळ्यावरचा क्लब आणि त्याच्याही खाली समुद्रकाठचा दुसराच क्लब निघाला. स्क्रूची बुजवलेली भोकंसुद्धा बघत चला, कोणी इंजिन लावायला जाड लाकडी तुकडा बसवला होता, कोणी शर्यतीसाठी दोऱ्या पकडायचे क्लीट पुढेमागे सरकवले होते, यावरून मालक कसा होता हे कळतं, फिरणारा की शर्यतवाला.

पण खरी वस्तू मिळाली ती पुढच्या हवेच्या पेटीत. मिररला चारी बाजूंनी बंद पेट्या असतात, होडी उलटली तरी बुडू नये म्हणून. माझ्या होडीला नंतर कोणीतरी पुढच्या पेटीला गोल झाकण बसवलंय, त्यातून मोबाइल आत घातला, फ्लॅश चालू करून अंदाजानेच फोटो काढत गेले, आणि एका फोटोत प्लायवूडवर पेन्सिलीने लिहिलेली दोन मुलांची नावं, खाली 'मार्च 1967'. वरचा प्लाय बसवायच्या आधी लिहिलेलं, म्हणजे बांधताना. मी किती वेळ तो फोटो झूम करून बघत बसले होते.

आडनाव नव्हतं, पण समुद्रकाठच्या क्लबचं नाव हातात होतं. जुन्या क्लबांच्या वार्षिक पुस्तिकेत मेंबरच्या नावापुढे होडीचा क्लास आणि नंबर छापलेला असायचा, तिथे लाकडातला नंबर जुळला. क्लबवाल्यांनी पत्ता दिला नाही आणि देऊही नये, मी पत्र लिहून त्यांच्याकडे दिलं, त्यांनी ते पुढे पाठवलं. उत्तर मुलीकडून आलं, पेन्सिलीतल्या दोन नावांपैकी पहिलं नाव तिचं. तिचे बाबा नव्वदीच्या पुढचे, पण फोनवर ठणठणीत बोलले. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं की उजव्या बाजूचा खालचा जोड अजून गळतो का. त्या बाजूला काम करताना रेझिन संपलं होतं म्हणे, उरलेलं पुढच्या शनिवारी केलं आणि तिथे जोड कधी मनासारखा बसलाच नाही. मी होडीला हात लावून बघितलं तर बरोबर तिथेच फायबरग्लासची पट्टी दुहेरी, जाडजूड, बोटाला उंचवटा लागतो. एखाद्या रिस्टोअर करणाऱ्याने तो उंचवटा घासून सपाट केला असता आणि 'खराब काम' म्हणून विसरून गेला असता!

नावाजलेल्या होड्यांच्या नशिबी हे सगळं आपोआप येतं. उफ्फा फॉक्सच्या डिझाइनची फायरफ्लाय बघा, हॅम्बलच्या फेअरी मरीनच्या कारखान्यात बनलेली, 1948 च्या ऑलिंपिकमध्ये तिच्यावर डेन्मार्कच्या पॉल एल्वस्ट्रॉमने विसाव्या वर्षी आपलं पहिलं सुवर्ण जिंकलं. अशा होडीच्या मागे लोक स्वतःहून लागतात. मिररमध्ये 'आयलीन' नावाची, नंबर 1 ची होडी फालमथच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियम कॉर्नवॉलमध्ये जपून ठेवलीय. पण माझ्या मते गॅरेजमध्ये बांधलेल्या कुठल्याही नंबरच्या होडीचा इतिहास तेवढाच मोलाचा आहे, कारण तो कोणी लिहिलेला नाही आणि ती बांधणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्याच म्युझियमकडे नॅशनल स्मॉल बोट रजिस्टर आहे, 33 फुटांखालच्या आणि 50 वर्षांवरच्या होड्यांसाठी, म्हणजे सुरुवातीच्या मिरर आता वयाने त्यात बसतात.

आपल्याकडेही हे व्हायला हवं असं फार वाटतं. जॅक होल्टचीच एंटरप्राइज, 1956 ची, निळ्या शिडांची, आपल्याकडे किती जण तिच्यावर शिकलेत. 1982 च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, त्यात एंटरप्राइज होती, फायरबॉल नावाची दुसरी डिंगी होती, आणि फायरबॉलमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं. त्या काळातल्या होड्यांचे सांगाडे कुठल्या क्लबच्या मागच्या शेडमध्ये पडले असतील तर भंगारात जायच्या आधी कोणीतरी जाऊन लाकडातले नंबर लिहून घ्या प्लीज, आणि ज्या काकांनी त्या चालवल्या त्यांना फोन करा, नावं सार्वजनिक करायच्या आधी त्यांना विचारा एवढंच.

माझ्या होडीची 1970 च्या दशकातली काही वर्षं अजून जुळायची आहेत. पांढऱ्या आणि हिरव्या रंगाच्या मध्ये एक फिकट निळा थर आहे, तो होडी बांधणाऱ्या त्या आजोबांनी दिलेला नाही आणि तळ्यावरच्या क्लबातल्या मालकाला होडी मिळाली तेव्हा ती हिरवी होती. मुलगी म्हणतेय की बाबांनी ती एका शाळेला दिली होती, बहुतेक स्काउटच्या मुलांसाठी. त्या शाळेला पत्र टाकलंय.