आमची वाटचाल: गेटवरच्या गार्डचं प्रशिक्षण

२६/११ नंतर मॉल, हॉटेलं, आयटी कंपन्या यांच्या दारात मेटल डिटेक्टरच्या चौकटी उभ्या राहू लागल्या. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत बेवारस बॅगेचा स्फोट होऊन १७ जणांचा बळी गेला, त्यानंतर तर मागणी आणखी वाढली. पण चौकट वाजल्यावर पुढे काय करायचं, हे गार्डला कुणी शिकवत नव्हतं. आम्ही ते काम धरलं.

सुरुवात वर्गात नाही, गेटवर होते. चौकट रोलिंग शटरला किंवा लिफ्टला खेटून असेल तर उगाच वाजत राहते. कंटाळून कुणीतरी सेन्सिटिव्हिटी उतरवतो आणि चौकट नुसती शोभेची उरते. म्हणून आधी जागा बदलायची. मग रोज शिफ्ट सुरू होताना चाचणीचा धातूचा तुकडा घोटा, कंबर आणि खांदा या उंचीवर धरून आत जायचं आणि रजिस्टरला नोंद करायची.

बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, पाणी टाकायचं नाही, जवळ उभं राहून वॉकीटॉकी वापरायचा नाही. लांब जाऊन ११२ ला कळवायचं, पुढचं काम बॉम्बशोधक पथकाचं. सगळ्यात जास्त घोळ इमारत रिकामी करताना होतो, कारण लोकांना सवय फायर ड्रिलची. आगीत सामान सोडून पळायचं असतं. बॉम्बच्या धमकीत आपापली बॅग सोबत न्यायची, म्हणजे मागे राहिलेली परकी बॅग चटकन ओळखू येते. पार्किंगमध्ये किंवा काचेच्या दर्शनी भिंतीखाली गर्दी करायची नाही. जमायची जागाही आधी तपासायची, दुसरा स्फोट तिथेच होऊ शकतो.

काही ग्राहकांना काळे कपडे, दोरावरून उतरणं असलं प्रात्यक्षिक हवं असतं. त्याला आम्ही नाही म्हणतो. लढायला राज्याचं कमांडो दल फोर्स वन आहे, केंद्राचं एनएसजी आहे. गार्डने ओळखावं, कळवावं, माणसं बाहेर काढावीत.

२००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या आदर्श नियमांत १०० तास वर्ग आणि ६० तास प्रत्यक्ष सराव सांगितला आहे. तो कागदावर पुरा होतो. पण बारा तासांची ड्यूटी करून आलेला माणूस वर्गात डुलक्या घेतो, आणि पगार पाहून काही महिन्यांत दुसरीकडे जातो. त्यामुळे आता शिफ्ट बदलताना वीस मिनिटांचे तुकडे घेतो, हिंदी आणि मराठी दोन्हीत, आणि दर तिमाहीला फेरसराव करारातच लिहून घेतो. ते कलम काढून दर कमी करा म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.