पंचेचाळीस ते चोपन्न: जादा मृत्यूंचा हिशेब

ॲन केस आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांचा शोधनिबंध २०१५च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात मृत्यूंच्या नोंदींवर काम करत होते. आजही तेच करते. त्या निबंधातला एक आकडा सगळीकडे गाजला: १९९९ ते २०१३ या काळात ४५ ते ५४ वयाच्या, हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) नसलेल्या गोऱ्या अमेरिकनांमध्ये जवळपास पाच लाख मृत्यू जादा झाले. त्याच निबंधात ९६,००० हाही आकडा आहे. गट तोच, वर्षं तीच. तरीही दोन्ही आकडे बरोबर आहेत.

जादा म्हणजे कशापेक्षा जादा, हे आधी ठरवावं लागतं. या गटाचा मृत्युदर १९९८पर्यंतची वीस वर्षं दरसाल सुमारे २ टक्क्यांनी उतरत होता. मग तो उतरायचा थांबला आणि दरसाल अर्धा टक्का चढू लागला. दर १९९८च्या पातळीवर नुसता टिकला असता तरी ९६,००० माणसं त्या काळात वाचली असती. पूर्वीसारखा उतरत राहिला असता, तर ४,८८,५००. तुलनेसाठी मी ही दुसरी, उतरत राहणारी रेघ धरते. कारण त्याच वर्षांत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वीडन या देशांत या वयाच्या लोकांचा मृत्युदर उतरतच राहिला. अमेरिकेतल्याच हिस्पॅनिक लोकांचाही उतरला. काळ्या अमेरिकनांचा दर गोऱ्यांपेक्षा खूप जास्त होता आणि २०१३मध्येही जास्तच होता, पण तोही उतरत होता. म्हणजे उतरण शक्य होती. जे शक्य असून घडलं नाही, ते हिशेबात धरायलाच हवं.

पण त्याआधी वयाचा एक पेच सोडवावा लागतो. तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

४५ ते ५४ हा दहा वर्षांचा गट आपण एकजिनसी धरतो. १९९९मध्ये ५४ वर्षांचे असलेले लोक साधारण १९४५चे, म्हणजे युद्ध संपलं त्या वर्षीचे. त्या साली अमेरिकेत सुमारे २८.६ लाख मुलं जन्मली. पंचेचाळिशीतले होते १९५४चे, आणि त्या साली जन्म ४० लाखांच्या वर होते. म्हणजे गटाचं तरुण टोक जड. २०१३मध्ये चित्र उलटं झालं: ५४चे लोक १९५९चे, जन्म ४२ लाखांहून जास्त, ४५चे लोक १९६८चे, जन्म ३५ लाख. आता म्हातारं टोक जड. गटाचं नाव तेच राहिलं, आतली सरासरी मात्र अर्ध्या वर्षाच्या आसपास वर सरकली. या वयात मृत्यूची शक्यता दर वर्षाला साधारण ८ टक्क्यांनी वाढते, तेव्हा एवढ्यानेच दर ४ टक्के फुगतो. निबंधातली वाढ होती लाखामागे ३८१वरून ४१५, सुमारे ९ टक्के. जवळजवळ निम्मी वाढ अशी वयाच्या सरकण्यातून आलेली.

कोलंबिया विद्यापीठातले अँड्र्यू गेलमन यांनी हे लगोलग दाखवून दिलं. उपाय सोपा आहे. ४५, ४६, ४७ असा एकेका वयाचा दर वेगळा काढायचा, आणि प्रत्येक वयाला दर साली सारखंच वजन द्यायचं. तसं केल्यावर दिसतं, की दर साधारण २००५पर्यंत चढला आणि मग सपाट झाला. त्यातही पुरुष आणि बायका वेगळ्या केल्या, तर २००५नंतर पुरुषांचा दर उतरलेला आणि बायकांचा चढतच गेलेला. एकत्र सरासरीत या बायका दिसेनाशा झाल्या होत्या. मी स्वतः या वयाची आहे, आणि हा आलेख मी पहिल्यांदा काढला तेव्हा बराच वेळ त्यापुढे बसून होते.

(हाच हिशेब भारताच्या जुन्या जनगणनांवर करायचा तर एकेका वर्षाची लोकसंख्या तशीच घेता येत नाही. लोक वय पन्नास, पंचावन्न असं गोल सांगतात, त्यामुळे ५०च्या घरात गर्दी आणि ४९, ५१ ओस. आधी ती गर्दी पांगवावी लागते.)

वय बरोबरीला आणल्यावरही मूळ मुद्दा उभाच राहतो. बाकीचे देश खाली गेले आणि हा गट गेला नाही. दरी थोडी अरुंद झाली, बुजली नाही.

आमच्या काउंटीच्या वाचनालयात मी यावर बोलले होते. नंतर एक बाई जवळ आल्या. त्यांचा भाऊ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोळ्यांच्या अतिसेवनाने गेला होता. त्यांनी विचारलं, तो या पाच लाखांत आहे का? मी त्यांना खरं तेच सांगितलं: कुठल्याही एका मृत्यूवर ‘जादा’ असा शिक्का नसतो. अपेक्षेइतके मृत्यू आणि झालेले मृत्यू यांतली ती वजाबाकी आहे, आणि ती फक्त समुदायाची होते. पण १९९९नंतर ज्या कारणांनी हा दर वर ढकलला, म्हणजे औषधं आणि दारूची विषबाधा, आत्महत्या, यकृताचे आजार, त्यांतल्या पहिल्याच कारणाने त्यांचा भाऊ गेला होता. तेही मी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर कुठल्या गोळीचं नावच नाही, मग तुमचा हिशेब चुकणार नाही का? प्रश्न अगदी नेमका होता. ओहायोत संशयास्पद मृत्यूंचं कारण ठरवणारा अधिकारी, म्हणजे कॉरोनर, बहुतेक काउंट्यांत निवडून येतो, आणि औषधाचं नाव लिहिण्याची पद्धत सगळीकडे सारखी नव्हती. शिवाय १९९९मध्येच अमेरिकेने मृत्यूच्या कारणांची यादी बदलली, नववी आवृत्ती जाऊन दहावी आली. कारणनिहाय तुलना त्या सांध्यावर जपूनच करावी लागते. सर्व कारणांच्या एकूण मृत्यूंना मात्र या दोन्हींची बाधा होत नाही. दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो, माणूस गेला ही नोंद पक्की असते. म्हणून मी आधी एकूण मोजते, बायका आणि पुरुष वेगळे ठेवून, एकेका वर्षाच्या वयाने. कारणांकडे त्यानंतर वळते.