पिचिंगचे सर शोधताना

मुलाचं उजवं कोपर आतल्या बाजूने दुखायला लागलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि बेसबॉलमध्ये पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकायचं काम, करायचा. वाढीच्या वयात हाडाचा जो भाग अजून पक्का झालेला नसतो, नेमका त्यावर ताण आला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे चेंडू फेकायला बंदी घातली.

त्याचे पहिले प्रशिक्षक मीच निवडले होते. ते स्वतः उत्तम पिचर होते आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. पहिल्या दिवशी चेंडूचा वेग मोजणारी रडार गन, दुसऱ्या आठवड्यात हवेत वळणारा कर्व्हबॉल. वेग वाढत होता, मी खूश होतो. चेंडू किती टाकले, हे कोणीच मोजत नव्हतं, मीसुद्धा नाही.

दुसरे सर अभ्यासू होते, पण एका तासात पाय, कंबर, खांदा, मनगट सगळंच बदलायला निघाले. मुलगा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, नुसता विचार करत उभा राहायचा. महिन्याभरात ते थांबवलं.

तिसऱ्या सरांनी पहिल्या भेटीत आधी प्रश्न विचारले, तेही मला नाही, मुलाला. गेल्या वर्षी किती महिने खेळलास? पिचिंग झालं की कॅचर म्हणून बसतोस का? (बसायचा. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरलाही जवळजवळ प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, मग हाताला विश्रांती कुठली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.) कोपर पुन्हा दुखलं तर कोणाला सांगशील? यावर तो गप्प. सर म्हणाले, "मला सांग. मी रागावणार नाही. त्या दिवशी तुला बसवेन, एवढंच."

मग त्यांनी मोबाइलवर बाजूने आणि मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. डावा पाय सरळ पुढे न पडता डावीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला पडत होता. त्यामुळे छाती लवकर उघडायची, हात मागे राहायचा आणि ओझं कोपरावर यायचं. सरांनी मातीत होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, दिशेने सरळ रेघ ओढली. तीन आठवडे पाय त्या रेघेवर टाकायचा, हातात चेंडूऐवजी टॉवेल. "मनगटाचं काय?" मी न राहवून विचारलं. "आधी पाय बसू दे." पाय बसला आणि मनगटाची निम्मी तक्रार आपसूक मिटली.

कर्व्हबॉल बंद झाला. फास्टबॉल आणि चेंजअप एवढंच. चेंजअपमध्ये हात तितक्याच जोराने फिरतो, फक्त पकडीमुळे चेंडू हळू जातो. त्या वयातल्या बॅटरला चकवायला ते पुष्कळ होतं.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' शिफारशींनुसार 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू टाकावेत. सर त्या आकड्याची वाटच बघत नाहीत. कोपर खाली यायला लागलं, चेंडू उंच जायला लागले की चाळिसाव्या चेंडूलाही थांबवतात.

परवाच्या सामन्यात मात्र मुलानेच हात वर केला. "सर, हात जड वाटतोय." सर माउंडवर गेले, चेंडू घेतला, त्याची पाठ थोपटली. परत येऊन वहीत 52 लिहिलं आणि शेजारी लिहिलं : तीन दिवस विश्रांती.