पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सरचं सिम्युलेशन: आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा

आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) सर्किटचं बरंचसं काम एस-पॅरामीटरवर, म्हणजे लहान सिग्नल किती परत फिरतो आणि किती पुढे जातो या आकड्यांवर निभावतं. फिल्टर, मॅचिंग, लहान सिग्नलचा अ‍ॅम्प्लिफायर, सगळं त्यात बसतं. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर माझ्याकडे आले तेव्हा मात्र ते पुरेना. एस-पॅरामीटर काढताना सिम्युलेटर ट्रान्झिस्टरला बायस बिंदूपाशी सरळ रेषा समजतो. मला जे हवं होतं ते त्या रेषेच्या वाकण्यात होतं: गेन कुठे दबतो, इंटरमॉड्युलेशन (टोन एकमेकांत मिसळून तयार होणारे नको असलेले घटक) किती येतं, फ्रीक्वेन्सी कशी बदलते.

पहिला पर्याय ट्रान्झियंटचा, म्हणजे वेळेच्या छोट्या पावलांनी सर्किट सोडवत जाण्याचा. २.४०० आणि २.४०१ गिगाहर्ट्झचे दोन टोन दिले की तिसऱ्या क्रमाचे घटक २.३९९ आणि २.४०२ वर येतात. ते वेगळे ओळखायला किमान एक मायक्रोसेकंद, म्हणजे वाहकाची २४०० आवर्तनं चालवावी लागतात. आवर्तनाला ५० पावलं धरली तर सव्वा लाखाच्या आसपास पावलं, आणि त्याआधी बायसचे चोक आणि कपॅसिटर स्थिर व्हायचा वेळ वेगळाच. पण वेळेपेक्षा मला जास्त खटकली ती अचूकता. स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये रेलटॉल ही मर्यादा मुळात ०.००१ वर असते, म्हणजे हजारात एक इतकी सापेक्ष चूक चालवून घेतली जाते. वाहकापेक्षा ६० डीबी खाली असलेला घटक व्होल्टेजमध्ये नेमका हजारात एकच असतो. जे मोजायचं ते आणि मोजणीतली चूक एकाच मापाची, मग त्या आकड्याला अर्थ काय उरला? रेलटॉल घट्ट करता येतो, पण रन आणखी लांबतो.

म्हणून हार्मोनिक बॅलन्सकडे वळलो. नखला आणि व्लाच यांनी १९७६ मध्ये या पद्धतीला जे रूप दिलं, त्यातली कल्पना मला आजही फार आवडते. सर्किटचा रेषीय भाग फ्रीक्वेन्सीत सोडवायचा, ट्रान्झिस्टरचा भाग वेळेत, आणि दोघांच्या सीमेवर प्रत्येक हार्मोनिकला (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीला) करंटची बेरीज शून्य होईपर्यंत व्होल्टेज सुधारत राहायचे. स्थिरावण्याची वाट बघावी लागत नाही, कारण उत्तर थेट स्थिर अवस्थेचंच मिळतं. सँडिया प्रयोगशाळेच्या मोफत झायस सिम्युलेटरमध्येही ही सोय आहे, त्यामुळे शिकायला महागडं लायसन्स लागतंच असं नाही.

अडचण येते ती कन्व्हर्जन्सची, म्हणजे उत्तरापर्यंत पोहोचण्याची. पूर्ण ड्राइव्ह (इनपुट पॉवर) एकदम दिला की उत्तर सापडत नाही. ड्राइव्ह खालून दोन-दोन डीबीने चढवत नेला आणि प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला सुरुवात म्हणून दिलं, की गाडी रुळावर येते. दुसरं म्हणजे हार्मोनिकची संख्या. दोन टोनना प्रत्येकी सातव्या क्रमापर्यंत सगळी जोडणी घेतली तर डीसी धरून ११३ फ्रीक्वेन्सी होतात. दोन्ही क्रमांची बेरीज सातच्या आत ठेवली तर ५७. इंटरमॉड्युलेशनला बहुतेक वेळा दुसरं पुरतं. पुरलं की नाही हे मी क्रम नऊवर नेऊन पाहतो. आकडा हलला तर आधीचा आकडा वापरायचा नाही.

पॉवर अ‍ॅम्प्लिफायरसाठी २८ व्होल्टचा गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर आणि १० वॉटचं लक्ष्य होतं. नी व्होल्टेज (ट्रान्झिस्टरवर उरणारा किमान व्होल्टेज) तीन धरला तर २५ चा वर्ग भागिले २० (दहा वॉटची दुप्पट), म्हणजे साधारण ३१ ओहमचा लोड. हा हिशेब कागदावर आधी करायचाच, लोड-पुल, म्हणजे लोड बदलत पॉवर बघणं, नंतर. लोड-पुलच्या वर्तुळांचं केंद्र ३१ ओहमवर येत नाही, आणि ते बरोबरच आहे. ड्रेन-सोर्स कपॅसिटन्स दोन पिकोफॅरड असेल तर २.४ गिगाहर्ट्झला तिचा रिअ‍ॅक्टन्स ३३ ओहम होतो, जवळपास लोडइतकाच. वर पॅकेजचं इंडक्टन्स. म्हणून ड्रेनचे व्होल्टेज-करंट पॅकेजच्या पिनवर बघून काही कळत नाही. ते कपॅसिटन्सच्या आत, करंट सोर्सपाशी बघायचे. मॉडेलने तो आतला नोड बाहेर दिला असेल तर लोडलाइन स्वच्छ दिसते: करंट शून्यावर कुठे टेकतो, नीवर व्होल्टेज कुठे घासतो. दुसऱ्या हार्मोनिकचं टर्मिनेशन बदलताना वेव्हफॉर्मचा आकार डोळ्यांसमोर बदलतो, आणि कार्यक्षमता का वाढली हे तेव्हा खरं कळतं.

मग इंटरमॉड्युलेशन. माझी कसोटी उताराची आहे: इनपुट १ डीबी वाढवला की तिसऱ्या क्रमाचा घटक ३ डीबी वाढला पाहिजे. अगदी खाली रेषा आडवी झाली तर तो गणनेचा तळ, वर वाकली तर पाचवा-सातवा क्रम मिसळायला लागला. मधल्या सरळ पट्ट्यातूनच इंटरसेप्ट (आयपी३), म्हणजे मूळ आणि तिसऱ्या क्रमाच्या रेषा पुढे वाढवल्यावर जिथे छेदतात तो बिंदू, काढायचा. एबी वर्गात (ट्रान्झिस्टर अर्ध्याहून जास्त, पण पूर्ण आवर्तनभर चालू नसतो तेव्हा) हा पट्टा बऱ्याचदा मिळतच नाही. बायसनुसार मध्येच खोल खड्डा पडतो. अशा वेळी आयपी३ चा एकच आकडा देणं मला मान्य नाही. पॉवरनुसार संपूर्ण आलेख द्यावा.

मिक्सरचा प्रश्न वेगळा. गिल्बर्ट सेल या मिक्सर सर्किटला साधं एसी अ‍ॅनालिसिस लावलं तर गेन शून्य येतो. त्यात काही चुकलेलं नसतं: एलओ (मिक्सरला चालवणारा लोकल ऑसिलेटर) नसताना वरच्या चार ट्रान्झिस्टरमध्ये करंट समसमान वाटला जातो आणि आउटपुटवर सगळं कटतं. म्हणून आधी फक्त एलओची आवर्ती अवस्था काढायची आणि तिच्याभोवती आरएफला लहान सिग्नल मानायचं. आदर्श स्विचिंगचा गुणक २/π, म्हणजे उणे ३.९ डीबी, कन्व्हर्जन गेनचा कागदी अंदाज तिथून सुरू होतो. नॉइजसाठीही तोच रस्ता, कारण एलओच्या प्रत्येक हार्मोनिकभोवतालचा नॉइज दुमडून आयएफवर (मिक्सरच्या आउटपुट फ्रीक्वेन्सीवर) येतो. साइडबँड वाढवत गेलं की नॉइज फिगर चढतो आणि मग थांबतो. थांबल्यावरचा आकडा घ्यायचा. तीन टोनचं (एलओ आणि दोन आरएफ) जड सिम्युलेशन फक्त आयपी३ साठी राखून ठेवायचं.

शेवटी एलओची गळती. सममित सर्किटमध्ये ती इतकी खाली आली की तो आकडा फक्त राउंडिंगचा होता. जोडीतल्या ट्रान्झिस्टरमध्ये मिसमॅच टाकून माँटे कार्लो (दर वेळी यादृच्छिक फरक घेऊन अनेक रन) चालवलं, तेव्हा गळती मोजण्याजोगी झाली. आयपी३ फारसा हलला नाही; आयपी२ (दुसऱ्या क्रमाचा इंटरसेप्ट) मात्र रनागणिक बदलत राहिला, आणि लेआउटमध्ये कुठली जोडी सगळ्यात जपून काढायची ते मला त्यावरून ठरवता आलं.